शेऱ्याचे व्याकरण : शाळकरी मुलाच्या भावजीवनाविषयीच्या नोंदींचे एक परीक्षण

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या एकोणतिसाव्या कलमात अभ्यासक्रम आणि मूल्यमापन यांविषयी जी तत्त्वे सांगितली आहेत, त्यांपैकी शेवटची तीन एकापाठोपाठ एक येतात. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी, हे पहिले. मूल भय, मानसिक आघात आणि चिंता यांपासून मुक्त व्हावे आणि आपले मत मोकळेपणाने मांडण्यास त्यास साहाय्य मिळावे, हे दुसरे. मुलास ज्ञानाचे आकलन किती झाले व त्याचे उपयोजन त्यास किती साधते याचे सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, हे तिसरे. हा शेजार योगायोगाचा असो वा हेतूचा, भाषा, भय आणि मूल्यमापन ही तिन्ही प्रत्यक्ष शाळेत ज्या एका जागी एकत्र येतात ती जागा म्हणजे प्रगतिपत्रकातील नोंदीचा रकाना होय. प्रस्तुत लेखाचा विषय हा रकाना आणि त्यात लिहिले जाणारे मराठी गद्य हा आहे.

या गद्यास वाङ्मयप्रकार म्हणावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ठरावीक प्रसंगी, ठरावीक लांबीचे, ठरावीक रचनेचे आणि ठरावीक वाचकासाठी लिहिलेले लेखन जर प्रकार या संज्ञेस पात्र असेल, तर ही नोंद त्या कसोटीस पुरेपूर उतरते. महाराष्ट्रात २०१० साली पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आली आणि 'वर्णनात्मक नोंदी' हा शब्द शिक्षकवर्गाच्या नित्याच्या बोलण्यात रुळला. 'विशेष प्रगती', 'आवड व छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' हे रकाने प्रत्येक सत्राच्या अखेरीस भरावयाचे असतात. मुलांविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, त्यात केवळ परिमाणाच्या दृष्टीने पाहता या नोंदींची बरोबरी करील असे दुसरे लेखन नसावे. असे असूनही त्यांची समीक्षा कोणी केल्याचे आढळत नाही. बालसाहित्याच्या एखाद्या सामान्य पुस्तकावर अभिप्राय येतो. ज्या वाक्याच्या आधारे एक मूल पुढच्या वर्गात ओळखले जाणार, त्या वाक्याकडे मात्र व्याकरणाच्या दृष्टीनेही कोणी पाहत नाही.

प्रथम भाषेतील एका सर्वपरिचित गोष्टीचे स्मरण करून देणे आवश्यक आहे. मराठीत माणूस राग 'करतो' त्याहून अधिक वेळा त्याला राग 'येतो'. भीती वाटते, लाज वाटते, रडू येते, कंटाळा येतो, आठवण येते, हुरूप येतो, कसेसे होते, करमत नाही. या सर्व प्रयोगांत ज्याला तो भाव होतो तो मनुष्य कर्त्याच्या जागी प्रथमेत उभा नसतो. तो 'ला' प्रत्यय घेऊन किंचित बाजूस सरकलेला असतो आणि भाव हाच वाक्याचा धनी होतो. 'करमणे' या क्रियापदाचे तर असे की, या अर्थी त्यास दुसरी रचनाच ठाऊक नाही. 'मी करमतो' असे कोणताही मराठी भाषक म्हणणार नाही. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली निघाले. त्याच्या आधीपासून आजतागायत मराठी व्याकरणकारांत प्रयोगविचारावरून पुष्कळ वाद झाले आहेत, आणि 'मला' या पदास कर्ता म्हणावे की न म्हणावे हा त्यांतील एक चिवट प्रश्न आहे. अलीकडच्या भाषाविज्ञानात अशा पदास 'अनुभवक' म्हणतात. मणींद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी १९९० साली दक्षिण आशियातील भाषांमधील अनुभवक-कर्त्यावर जो निबंधसंग्रह संपादित केला, त्यावरून ही रचना मराठीपुरती नसून या सबंध भूभागाचे एक भाषिक लक्षण आहे, हे ध्यानात येते.

शालेय व्याकरणातही याच्या अगदी जवळचे एक प्रकरण असते. भावकर्तृक क्रियापदे शिकविताना 'उजाडते', 'सांजावते' यांबरोबर 'मळमळते' हे उदाहरण हटकून दिले जाते. क्रियेचा भाव हाच येथे कर्ता, अशी त्याची व्याख्या मुले पाठ करतात. परीक्षेच्या दिवशी सकाळी ज्या मुलास खरोखरीच मळमळते, तोही ती व्याख्या बिनचूक लिहून येतो. आणि त्याचे मळमळणे 'परीक्षेला घाबरतो' या नोंदीत जाऊन बसते.

या दोन वाक्यांतील अंतर हाच माझ्या मते सर्व विषयाचा गाभा आहे. एखाद्या मुलाच्या बाबतीत तीन वाक्ये संभवतात. 'काल तिसऱ्या तासाला त्याला रडू आले.' 'तो वर्गात रडतो.' 'तो रडका आहे.' पहिल्या वाक्यात काळ आहे, वेळ आहे, आणि रडू हे बाहेरून आलेले आहे. ते कोठून आले, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या ओठांवर आपोआप येतो. दुसऱ्या वाक्यातील 'रडतो' हे रूप वर्तमानाचे असूनही वर्तमानाविषयी काहीच सांगत नाही. मराठीत हे रूप आत्ताच्या क्रियेस चालते तसेच नित्याच्या रीतीसही चालते, आणि नोंदीच्या रकान्यात ते नेहमी रीतीचाच अर्थ घेते. एकदा घडले की दहादा, हे त्यातून कळण्यास मार्ग नाही. तिसऱ्या वाक्यात क्रियापदाने क्रिया सांगणे सोडून दिले आहे. उरले आहे ते केवळ एक विशेषण आणि त्यास मुलाशी जोडणारा 'आहे'. पहिल्या वाक्याने जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे उत्तर तिसरे वाक्य देऊन टाकते. का रडला? रडका आहे म्हणून.

क्रियेचा स्वभाव करून टाकणारे प्रत्यय मराठीत विपुल आहेत, ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे आणि शाळेपुरती ती अडचणही आहे. रडका, भित्रा, हट्टी, लाजाळू, रागीट, भांडखोर, चुगलखोर. यांतील 'खोर' हा फार्सीतून आला. मूळ अर्थ 'खाणारा'. एकदा भांडलेल्या मुलास भांडखोर म्हणताना भांडण हा त्याचा आहार ठरविला जातो, हे आपल्या लक्षात राहत नाही.

येथे भाषावैज्ञानिकांकडून एक आक्षेप अपेक्षित आहे. भाषेची रचना विचारास बांधून टाकते, हे मत आज त्याच्या कडक स्वरूपात कोणी स्वीकारीत नाही; 'रागीट आहे' म्हणणारा शिक्षकही 'राग का आला' हे विचारू शकतोच. आक्षेप योग्य आहे, आणि माझे म्हणणे बोलणाऱ्याच्या विचाराविषयी नाहीच. ते कागदाविषयी आहे. बोलताना शिक्षकाजवळ प्रसंगाची आठवण असते. विशेषण हे त्या आठवणीचे संक्षिप्त रूप असते. जून महिन्यात वर्ग बदलतो, शिक्षक बदलतो, आठवण मागे राहते आणि विशेषण तेवढे पुढे जाते. नव्या वर्गशिक्षकास मूल दिसण्याआधी ते विशेषण दिसते. मागच्या वर्षी त्या मुलाच्या घरी कोणी आजारी होते, की बाकावर शेजारी बसणारा त्याचा डबा रोज हिसकावून घेत होता, हे जाणण्याचे कोणतेही साधन त्या एका शब्दात उरलेले नसते.

आता 'येणे' या क्रियापदाकडे पुन्हा वळू. मराठीत राग जसा येतो तसेच गणितही येते. 'त्याला पोहता येते', 'तिला वाचता येत नाही', 'मला भागाकार येत नाही'. कौशल्य आणि विद्या यांसही आपण तीच अनुभवकाची रचना वापरतो. 'भागाकार येत नाही' हे वाक्य ऐकताच शिक्षकास आपले कर्तव्य कळते. तो भागाकार पुन्हा शिकवितो, मणी घेऊन बसतो, सोपे उदाहरण देतो. न येणे ही मुलाची आजची स्थिती आहे, तिच्यात पालट होऊ शकतो, आणि तो घडवून आणण्यासाठीच आपली नेमणूक आहे, याविषयी त्याच्या मनात संदेह नसतो. मग 'राग आवरता येत नाही' किंवा 'चारचौघांत बोलता येत नाही' या वाक्यांचे काय? रचना तीच आहे. भाषेने भागाकार आणि राग यांना एकाच पंक्तीस बसविले आहे. शाळेने मात्र भागाकाराची पाटी मांडली आणि रागाचे विशेषण केले. ज्या शाळांत मुलांच्या भावनिक आणि सामाजिक जडणघडणीचा खरोखर विचार होतो, तेथे काय वेगळे घडते याचा शोध घेतला असता मूळ गोष्ट एवढीच सापडते की, न येणाऱ्या वर्तनाकडे तेथे न येणाऱ्या गणिताप्रमाणे पाहिले जाते.

अनुभवकाची रचना स्वभावतःच दयाळू आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. 'त्याला अक्कल नाही', 'तिला वळण नाही' या वाक्यांतही तोच 'ला' आहे. भेद 'येत नाही' आणि 'नाही' यांच्यात आहे. पहिल्यात वाट आहे, दुसऱ्यात दार बंद आहे.

'सुधारणा आवश्यक' या रकान्याचे शीर्षक स्वतंत्र टीकेस पात्र आहे. सुधारणा हे धातुसाधित नाम. त्यास कर्ता नाही, कर्म नाही. कोणी सुधारावयाचे? मुलाने, शिक्षकाने, पालकाने, की वर्गाच्या बसण्याच्या व्यवस्थेने? रकाना मुलाच्या नावाच्या कागदावर असल्यामुळे उत्तर गृहीत धरले जाते. या रकान्यात शिक्षकाने स्वतः काय करून पाहिले हे लिहिण्यास जागाच ठेवलेली नाही, आणि हा दोष लिहिणाऱ्याचा नसून छापणाऱ्याचा आहे. तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि त्यांतून वाक्ये उतरवून घेतली जातात, याबद्दल शिक्षकांना नावे ठेवणे सोपे आहे. याच अधिनियमाने प्राथमिक वर्गांसाठी सामान्यतः तीस मुलांमागे आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले आहे. ते पाळले गेले असे धरले, तरी तीस मुलांच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी सत्राअखेरीच्या चार-सहा दिवसांत स्वतःच्या शब्दांत लिहिणे किती जणांस साधेल? उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे बसलेल्या आपण विद्यापीठातील मंडळींनी तरी हा प्रश्न विचारताना जपून असावे.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात एक नवी परिभाषा आली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र शासनाने आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा जो कार्यक्रम आरंभिला, त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री यांनी, प्रशिक्षण घेऊन मुलांशी भावनिक आणि मानसिक स्वास्थ्यासह अनेक विषयांवर बोलावे, अशी योजना आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये, शाळा बंद असताना, 'मनोदर्पण' हा उपक्रम विद्यार्थ्यांच्या मानसिक आधारासाठी सुरू झाला. या उपक्रमांचे मोल मी कमी लेखीत नाही. मुलाच्या मनास काही होते आणि ते शाळेच्या कामाचा भाग आहे, हे शासनाच्या कागदावर उमटणे हीच मोठी गोष्ट आहे. परंतु त्यांबरोबर जी शब्दकळा आली तिचे परीक्षण झाले पाहिजे. 'वर्तनसमस्या असलेला विद्यार्थी' या पदबंधाची रचना 'भांडखोर मुलगा' याहून कोणत्या बाबतीत निराळी आहे? समस्या मुलापाशीच आहे. पोशाख तेवढा संस्कृताचा आहे. जुन्या 'द्वाड' या शब्दात निदान थोडा लोभ होता. आजीने द्वाड म्हटलेले मूल हसते. वर्तनसमस्या असलेले मूल हसत नाही. 'समुपदेशन' या शब्दाविषयीही असेच म्हणावे लागते. मुलाचे ऐकून घेणे हे ज्या कार्याचे सार, त्याच्या नावातच 'उपदेश' बसला आहे. मूळ इंग्रजी शब्दातही सल्ला आहेच, हे खरे. पण मराठी शाळेत उपदेशाचा जो इतिहास आहे तो पाहता हा शब्द अधिक जड जातो. 'तुला समुपदेशनाला पाठवू का?' हे वाक्य वर्गात कोणत्या स्वरात उच्चारले जाऊ शकते, हे ज्याने शाळा पाहिली आहे त्यास निराळे सांगावयास नको.

मग मुलाच्या भावाची भाषा कोठे सापडते? माझे उत्तर ललित वाङ्मयाकडे बोट दाखविते. प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या लंपनच्या कथा 'वनवास' (१९९४) पासून चार संग्रहांत आल्या. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा आपल्या दुःखास दुःख म्हणत नाही. त्याच्यापाशी 'मॅडसारखं' हा एक सर्वंकष शब्द आहे, आणि ज्यास नाव नाही असे जे जे होते ते ते तो त्यात टाकतो. समीक्षकांनी या कथांतील निरागसता आणि कानडीमिश्रित बोलीचा गोडवा यांचे कौतुक केले. ते योग्यच आहे. परंतु शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यांत निराळी गोष्ट पाहावी. तेथे मुलाचे निवेदन 'वाटणे', 'येणे' आणि 'होणे' यांवर चालते, आणि प्रत्येक भाव एखाद्या वस्तूस, वेळेस, आवाजास जोडलेला असतो. लंपनला वर्गशिक्षक म्हणून नोंद लिहावयाची झाली, तर 'कल्पनारम्य वृत्तीचा. लक्ष विचलित होते' असे काही तरी लिहिले गेले असते, आणि ते चूकही ठरले नसते. त्या नोंदीत लंपन मात्र नसता.

दुसऱ्या टोकास शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) आहे. तेथे घाव विशेषणाचाही नाही. शाळेच्या नोंदवहीतील वडिलांच्या नावाचा साधा रकाना एका मुलास आपल्या जन्माचा जाब विचारतो. मुलाच्या मनास त्रास देण्यासाठी वाईट शब्द लागतोच असे नाही. कोरा रकानाही पुरतो. दलित आत्मकथनांचे वाचन आपण सामाजिक इतिहास म्हणून करतो. शालेय कागदपत्रांचे परीक्षण म्हणून ती अद्याप वाचली गेलेली नाहीत.

कलमातील पहिल्या तत्त्वाचा, मातृभाषेचा, विचार राहिला. येथे एक वैयक्तिक आठवण सांगण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. मी वऱ्हाडातील एका खेड्यातून पाचवीसाठी तालुक्याच्या गावी आलो. शाळा मराठी, घर मराठी. कायद्याच्या दृष्टीने माध्यमाचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच आठवड्यात फळ्याकडे बोलावले असता मी जागचा उठलो नाही. कारण विचारले तेव्हा 'मले भेव वाटते' असे म्हणालो. वर्ग हसला. गुरुजी रागावले नाहीत; ते स्वभावाने सौम्य होते. त्यांनी माझे वाक्य शांतपणे दुरुस्त केले: 'मले' नव्हे 'मला', 'भेव' नव्हे 'भीती'. मी ते तीन वेळा म्हटले आणि खाली बसलो. वाक्य शुद्ध झाले, भेव होते तेथेच राहिले. त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला: 'अबोल आहे. धीटपणा हवा.' दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. मी पुढे भाषाविज्ञानाकडे वळलो यात या प्रसंगाचा वाटा किती, हे सांगणे कठीण. पण 'मले' मधील 'ले' हाही 'ला' इतकाच जुन्या घराण्यातला अनुभवकाचा प्रत्यय आहे, हे पहिल्यांदा वर्गात शिकविताना मला काही क्षण थांबावे लागले होते.

मुलास भयमुक्त करावयाचे आणि मत मांडण्यास साहाय्य करावयाचे, तर भयाचे पहिले वाक्य ज्या बोलीत येईल त्या बोलीत ते ऐकले गेले पाहिजे. प्रमाणभाषा शिकविण्यास वर्ष पडले आहे. त्या वाक्यास दुसरी वेळ नसते.

एक गोष्ट येथे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. मागील सत्रात पदव्युत्तर वर्गाच्या अंतर्गत मूल्यमापनात एका विद्यार्थिनीच्या नावापुढे मी 'चर्चेत सहभाग अल्प' असे लिहिले. ती कोठून येते, तिच्या घरी कोणती बोली आहे, तिने बोलण्यास तोंड उघडले तेव्हा कोणी हसले होते काय, यांपैकी काहीही मी विचारले नव्हते. 'सहभाग अल्प' या पदबंधात क्रियापदही नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापनही अंतर्भूत करावयाचे आहे. कल्पना चांगली आहे. परंतु आधीच छापलेल्या पर्यायांतून मुलाने एकावर खूण करणे म्हणजे मुलाने बोलणे नव्हे. लंपनचा शब्द कोणत्याही पर्यायांत सापडणार नाही. एखादी ओळ कोरी सोडली आणि तीत मुलाने 'मला' पासून, अथवा 'मले' पासून, वाक्य सुरू करावे असे सांगितले, तर अधिक हाती लागेल.

शिक्षकाच्या नोंदीविषयी माझी सूचना लहान आहे. विशेषणाऐवजी प्रसंग लिहावा, रीतीच्या वर्तमानाऐवजी भूतकाळ वापरावा, आणि आपण काय केले ते प्रथमपुरुषी सांगावे. 'रडका आहे' याच्या जागी असे काही: 'जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दोनदा मधल्या सुट्टीनंतर रडू आले. विचारता सांगितले की डब्यावरून चिडवतात. मी त्याची जागा खिडकीजवळ बदलली व चिडवणाऱ्या दोघांशी बोललो. ऑगस्टपासून रडलेला नाही. गटात मात्र अजून बोलता येत नाही, त्यासाठी त्यास फळ्यावर तारीख लिहिण्याचे काम दिले आहे.' पुढच्या जूनमध्ये नव्या शिक्षकास यातून कामाला कोठून लागावे ते कळेल. मजकूर साधारण चाळीस शब्दांचा आहे. छापील प्रगतिपत्रकात या रकान्याची रुंदी तीन बोटे असते, आणि ओळ एकच.